एटसेट्रा कम्प्लीट

लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगतो, लिहिण्यावर पोट भरतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी आदर येतो, मग काळजी.

"काय लिहिता? कथा? कविता?"

"नाही, गिलावा किती जाड असावा ते लिहितो."

आदर तिथेच संपतो. काळजी तेवढी राहते. निगडीच्या एका मंगल कार्यालयात शेजारी बसलेल्या काकांनी तर जिलबीचा तुकडा हातातच धरून विचारलं, "आणि ते वाचतं कोण?" काका आयुष्यभर आकुर्डीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दोष नेमका कुठे आहे हे त्यांना बघताक्षणी कळतं.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि तेव्हापासून या पट्ट्यात शेड बांधण्याचं काम थांबलेलं नाही. आधी पिंपरी-भोसरी, मग चाकण, आता म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे करत ते पुढे सरकतंय. प्रत्येक शेडमागे एक जाडजूड बाड असतं. सिमेंट कुठलं, सळई कुठली, खडी किती मिलिमीटरची, फरशीचा सांधा किती रुंद, सगळं त्यात असतं. त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात. ते मी लिहितो.

काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. मालक ते वाचत नाही, कारण त्याला शेवटच्या पानावरचा आकडा हवा असतो. ठेकेदार वाचत नाही, कारण वाचलं तर रेट वाढवावा लागेल आणि रेट वाढवला तर काम दुसऱ्याला जाईल. साइट इंजिनिअर वाचत नाही, कारण फाइल साइट ऑफिसच्या कपाटात असते, कपाटाची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन जेवायला गेलेला असतो. मुकादमाला वाचायची गरजच नसते. तो म्हणतो, "साहेब, तुम्ही फक्त सांगा, किती घमेली?"

आणि मग एक दिवस छत गळतं. त्या दिवशी फाइल कपाटातून बाहेर येते आणि तिचं पारायण सुरू होतं. मालकाच्या हातात पिवळा हायलायटर, ठेकेदाराच्या हातात हिरवा. दोघंही एकाच ओळीला रंग देतात आणि एकमेकांकडे विजयी मुद्रेने बघतात. तेव्हा कुठे लेखकाची आठवण होते. "हे तुम्हीच लिहिलंय ना? मग सांगा, याचा अर्थ काय?" इतक्या उत्कटतेने वाचला जाणारा लेखक मराठीत दुसरा नसेल.

वास्तविक स्पेसिफिकेशन म्हणजे पुढे होणारं भांडण आधी कागदावर उरकून घेण्याची सोय. पण आपल्याला आधी भांडण्यात संकोच वाटतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, अशा मंगल प्रसंगी "वॉटरप्रूफिंगची गॅरंटी किती वर्षांची?" असं कोण विचारणार? "होऊन जाईल हो," असं दोन्ही बाजू म्हणतात. या "होऊन जाईल"चंच सरकारी रूप म्हणजे "एटसेट्रा कम्प्लीट."

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची ज्यांनी चाळली आहे त्यांना हे दोन शब्द देवघरातल्या आरतीइतके पाठ असतात. बाबीचं वाक्य "प्रोव्हायडिंग अँड लेइंग"ने सुरू होतं, मग त्यात माल, मजुरी, वाहतूक, चढवणं, उतरवणं, ठोकणं, पाणी मारणं, साफसफाई असं सगळं येतं, वाचणाऱ्याचा श्वास संपत येतो आणि तेवढ्यात "एटसेट्रा कम्प्लीट" येऊन वाक्य किनाऱ्याला लागतं. लिहिणाऱ्याला जे जे आठवलं नाही, ते सगळं या दोन शब्दांत मावतं. सरकारी बी-१ आणि बी-२ टेंडरांवर लहानाचा मोठा झालेला एक ठेकेदार एकदा माझ्यासमोर बसला होता.

"साहेब, एटसेट्रात काय काय येतं?"

"जे लिहायचं राहिलं ते सगळं."

"आणि कम्प्लीट म्हणजे?"

"त्याचे पैसे वेगळे मिळणार नाहीत."

त्याने चहाचा कप खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग मी रेटमध्ये एटसेट्रा धरतो."

आमच्या धंद्याची मोठी संस्था अमेरिकेत आहे, कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट. १९४८ साली स्थापन झाली. लिखाण कसं असावं हे तिने इंग्रजी 'सी'ने सुरू होणाऱ्या चार गुणांत बसवलंय: स्पष्ट, थोडक्यात, अचूक आणि संपूर्ण. आमच्याकडे पाचवा सी आधी पोचला, कंट्रोल सी. त्यामुळे कुठल्याही बाडात त्याचे पूर्वजन्म दिसतात. प्रेस शॉपच्या कागदात भिंत आणि फरशीच्या सांध्याला गोल वाटा करायला सांगितलेला असतो, जंतू साचू नयेत म्हणून. मागच्या जन्मी ते हॉस्पिटल होतं. पाण्याच्या टाकीच्या कागदात खाऱ्या वाऱ्यापासून संरक्षण असतं. मागच्या जन्मी तो कोकणातला धक्का होता. अशी गफलत मालकाला आवडते, हे विशेष. त्या प्रेस शॉपचा मालक पुढे वर्षभर पाहुण्यांना वाटा दाखवून सांगत होता, "आमच्याकडे हायजिन बघा."

परदेशी कागदाची मजा आणखी वेगळी. खालुंब्र्याच्या बाजूला एका परदेशी कंपनीची शेड होणार होती. स्पेसिफिकेशन त्यांच्या मुख्य कार्यालयातून आलं, ते इथल्या परिस्थितीला 'ॲडजस्ट' करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच प्रकरणात छतावरचा बर्फाचा भार दिलेला. आपल्याकडेही बर्फाच्या भाराचं मानक आहे, आयएस ८७५चा चौथा भाग, पण ते हिमालयातल्या लोकांनी उघडावं अशी अपेक्षा. पुण्यासाठी तिसरा भाग उघडायचा, वाऱ्याचा. त्यात आपला मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय. मी स्क्रीनवरच्या गोऱ्या इंजिनिअरला नम्रपणे म्हणालो, "चाकणला बर्फ पडत नाही."

"कधीच नाही?"

"उसाच्या रसात पडतो."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगला उत्तर आलं: कलम वगळायला मुख्य कार्यालयाच्या तीन विभागांची संमती लागेल, तोवर बर्फ राहू द्या. बर्फ राहिला. त्याच्यासाठी पर्लिन जाड झाल्या, ट्रस जड झाले, बोल्ट वाढले. आज हिमालय उठून तळेगाव-चाकण रस्त्याने आला तरी ती शेड हलणार नाही. पहिल्याच पावसात मात्र टर्बो व्हेंटिलेटरच्या बुडातून पाणी टपकायला लागलं, कारण पावसाबद्दल त्या बाडात एकच ओळ होती, "स्थानिक पद्धतीप्रमाणे." स्थानिक पद्धत म्हणजे खाली बादली ठेवणे. ती लगेच अमलात आली.

आता "किंवा समतुल्य"कडे वळतो, कारण माझ्या आयुष्यातल्या निम्म्या दुपारी त्यात गेल्या आहेत. एकाच कंपनीचं नाव लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो, आणि ती कंपनी भावही चढवते, म्हणून नावापुढे "किंवा समतुल्य" लिहितात. हेतू चांगला. शब्द भोळा. समतुल्य कशात? ताकदीत, टिकाऊपणात, की रंगात? आणि ठरवणार कोण? एवढं लिहिलं नाही तर ठरवणारा एकच उरतो, भोसरीचा हार्डवेअरवाला.

"हे कुलूप यादीत नाही," मी म्हणालो.

"समतुल्य आहे साहेब."

"कशावरून?"

"दोन्ही कंपन्या एकाच गल्लीत आहेत. जे ब्लॉक. मधे फक्त एक वडापावची गाडी."

दुसऱ्या एका साइटवर नळ आला. खोक्यावरचं नाव ओळखीचं वाटलं, म्हणून चष्मा लावला. "एकाच अक्षराचा फरक आहे साहेब," ठेकेदार मोठ्या मनाने म्हणाला, "आणि तेसुद्धा सायलेंट."

फ्लोअरची गोष्ट तर मी रात्री सांगू शकत नाही, झोप उडते. कारखान्याचं फ्लोअर म्हणजे मालकाची इज्जत. मालक म्हणाले, "फ्लोअर फर्स्ट क्लास पाहिजे."

"फर्स्ट क्लास म्हणजे?"

"तोंड दिसलं पाहिजे."

तोंड दिसणं मोजता येत नाही, आणि कुणाचं तोंड यावरही बरंच अवलंबून असतं. मी लिहिलं, तीन मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली तर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. मालकांना पट्टी पटली नाही. त्यांची स्वतःची चाचणी होती: खिशातून बेअरिंगची गोळी काढायची आणि फरशीवर ठेवायची. पळाली की बिल कापायचं. इकडे मेंटेनन्सच्या साहेबांनी वेगळ्या पत्राने कळवलं होतं की धुलाईचं पाणी आपोआप गटारीकडे गेलं पाहिजे, तेव्हा उतार द्या. म्हणजे पाणी पळालं पाहिजे आणि गोळी थांबली पाहिजे. दोन्ही मागण्या दोन वेगळ्या प्रकरणांत जशाच्या तशा छापल्या गेल्या. एक गोष्ट एकदाच आणि एकाच ठिकाणी सांगावी, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम. पण साहेबही दोन होते, आणि दोघांच्या सह्या लागत होत्या. शेवटी गोळी पळाली, पाणी थांबलं. ठेकेदार शांतपणे म्हणाला, "साहेब, ट्रिमिक्स मारलंय." म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी यंत्राने ओढून फरशी घोटलीय. चाकणमध्ये या वाक्यापुढे वाद चालत नाही.

खरं तर कसं करायचं ते न सांगता फक्त काय मिळालं पाहिजे ते सांगावं, असाही एक पंथ आमच्यात आहे. याला परफॉर्मन्स स्पेसिफिकेशन म्हणतात आणि परिसंवादात ते नवीन म्हणून सांगतात. पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने हेच केलं होतं. गिलाव्याची जाडी नाही, सिमेंटचा ग्रेड नाही, एटसेट्रा नाही. घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. एवढंच. हे मी एका ठेकेदाराला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यापेक्षा आपलं बिलातून अडकवून ठेवलेलं पाच टक्के रिटेन्शन बरं."

काँक्रीटच्या बाबतीत मात्र मी हम्मुराबीवर विसंबत नाही. तयार काँक्रीटसाठी आयएस ४९२६ आहे. गाडी भरल्यापासून दोन तासांत माल रिकामा व्हावा, असं ते सांगतं. जास्त वेळ हवा तर घट्ट होणं लांबवणारं रसायन घाला. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी चाकणचा तळेगाव चौक पाहिला नसावा. मोशीकडून ट्रान्झिट मिक्सर निघतो. साइटवर पंप उभा, माणसं उभी, मालकांनी मुहूर्तासाठी आणलेले भटजी उभे.

"कुठे पोचलास?"

"साहेब, तळेगाव चौकात."

एक तासाने पुन्हा फोन.

"आता?"

"चौकातच आहे, पण आता पलीकडच्या बाजूला."

मागे पोटात काँक्रीट फिरतंय, पुढे कांद्याचा ट्रक आडवा, आणि ड्रायव्हरला काळजी की माल घट्ट झाला तर पंप चोक होईल. तो गाडीतल्या टाकीचा नळ सोडतो. माझ्या बाडात ठळक अक्षरात लिहिलंय की प्लँटबाहेर पाणी घालू नये. पण ते बाड कपाटात, आणि किल्लीचं तर मी वर सांगितलंच आहे. गाडी आली की स्लम्प घेतात: तीनशे मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा कोन भरायचा, सरळ वर उचलायचा आणि आतला ढीग किती खचला ते मोजायचं. या गाडीचा कोन उचलला आणि काँक्रीटने साष्टांग नमस्कार घातला. साइट इंजिनिअरने टेप काढली, खाली वाकला, पुन्हा उभा राहिला.

"किती?" मी विचारलं.

"मोजायला काही उरलं नाही सर."

गाडी परत पाठवली. ती परत जाताना कुठे अडकली असेल, ते वाचकांना सांगायला नको.

क्यूबचा सोहळा याहून सुंदर असतो. दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडायचे. साइटवर क्यूबची बडदास्त अगदी जावयाची. गार पाण्याची टाकी, वर सावली, अंगावर रंगाने लिहिलेली तारीख, आणि दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन बघून जातं. स्लॅब मात्र वर उन्हात. आयएस ४५६ म्हणतं की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवा, कोरड्या उन्हाळ्यात दहा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरात पाणी दिवसाआड सुरू झालं. माणसाने कधी अंघोळ करावी हे जिथे महापालिका ठरवते, तिथे स्लॅबने हट्ट धरून चालत नाही. पाणी मारायला एक माणूस ठेवलेला असतो. गोणपाट ओलं करून तो जिन्याखाली बसतो आणि मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत क्युरिंग करतो. महिन्याने अहवाल येतो. पंचवीसच्या काँक्रीटला चौतीसची ताकद! सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात.

"आणि स्लॅबचा रिझल्ट?" मी विचारतो.

"स्लॅबचा कुठे असतो साहेब? रिझल्ट क्यूबचाच असतो."

आमचा मुकादम या सगळ्या चाचण्यांकडे प्रेमळ दुर्लक्ष करतो. कागदावर घनमीटर असतात, तो ब्रासमध्ये बोलतो आणि घमेल्यात मोजतो. एम-२० च्या साध्या मिश्रणाला ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटरच्या वर पाणी नको, असं मानक सांगतं. तो म्हणतो, "लागेल तेवढं लागतं." दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थपतीने वाळूची परीक्षा लिहून ठेवली आहे: ती पांढऱ्या कापडावर टाका, झटका, कापडाला डाग राहिला नाही तर वाळू चांगली. मुकादमाने व्हिट्रुव्हियस वाचलेला नाही. क्रश सँडची हीच परीक्षा तो परंपरेने करतो, फक्त कापड म्हणून माझा शर्ट वापरतो.

"जुन्या लोकांनी कुठं असली पुस्तकं वाचली होती?" असं चाकणच्या संग्रामदुर्गाशेजारून जाताना एक ठेकेदार मला ऐकवत होता. "तरी बघा, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलं." त्याच आठवड्यात त्याने बांधलेली कंपाउंड वॉल अर्ध्या तासाच्या वळवाने झोपवली होती, आणि तिच्यासमोर खान वगैरे कुणी नव्हतं. मी त्याला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सांगितलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा कागद. त्यात गड कसा बांधावा याचं आख्खं प्रकरण आहे. आधी पाणी बघा. एका झऱ्यावर थांबू नका, टाकी खोदा. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च तर वाढतो. काय करायचं ते, आणि का करायचं ते. समतुल्य नाही, योग्य ते नाही, एटसेट्रा नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने त्या परिच्छेदाला रोज सकाळी हात जोडावेत.

ठेकेदाराने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे," तो म्हणाला, "त्यांना पेमेंट वेळेवर मिळत असेल."

कारखानदारांची मला फारशी चिंता नाही, त्यांच्याकडे वकील असतात. मोशी, चिखली, रावेतला फ्लॅट बघायला निघालेल्यांना मात्र सांगणं आहे. करारनाम्याच्या मागे एक परिशिष्ट असतं, बहुतेक वेळा सगळ्यात बारीक टाइपात. "नामांकित कंपनीचे नळ, उत्तम प्रतीचा रंग, आकर्षक दरवाजा किंवा समतुल्य" असा मजकूर त्यात सापडेल. टोकन देण्याआधी ते मागून घ्या. नामांकित म्हणजे कोण, उत्तम म्हणजे कुठला, आणि समतुल्य कोण ठरवणार, हे पेनाने लिहून त्यावर बिल्डरची सही घ्या. तो हसेल, चहा मागवेल, "होऊन जाईल हो" म्हणेल. चहा घ्या, पण सहीशिवाय उठू नका. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर बिल्डरला तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. आणि दोष आहे की नाही, हे ज्या कागदाशी ताडून बघतात, तो हाच.